फळ्यावरची अर्धी ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझा काळा रंग आता राखाडी झाला आहे आणि उजव्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. चर्चला लागून असलेल्या लांबट खोलीत, मेणबत्त्यांच्या कपाटाशेजारी मी भिंतीला टेकून उभा असतो. शाळेतल्या फळ्यांच्या वाट्याला गणितं येतात, नद्या येतात, राजधान्या येतात. माझ्या वाट्याला धर्मशिक्षणाचा वर्ग आला. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की सहावी ते आठवीची मुलं धडधडत या खोलीत शिरायची, आणि पुढचा तासभर मी त्यांचा असायचो.

मला एका सुताराने बनवलं. चर्चची जुनी दारं काढली तेव्हा त्यातल्या दोन फळ्या चांगल्या निघाल्या. सुताराने त्या जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि वर काळा रंग चढवला. जोडाची बारीक रेष मात्र मधोमध दिसत राहिली. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, "ही रेष झाकता नाही का येणार?"

"झाकली तर दमट हवेत फुगेल, फादर," सुतार म्हणाला. "राहू द्या. पोरांना ओळ सरळ लिहायला उपयोगी पडेल."

आणि खरंच पडली. नाहीतर मुलांच्या ओळी सगळ्या डोंगर चढायच्या.

माझे पहिले शिक्षक एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांची पद्धत जुनी. त्यांनी प्रश्न विचारायचा, मुलांनी एका सुरात उत्तर द्यायचं. देव कुठे आहे? सर्वत्र. एकदा सातवीतल्या एका वात्रट मुलाने विचारलं, "मास्तर, देव सगळीकडे आहे, तर परीक्षेत तो आम्हाला बघतो. मग उत्तर का नाही सांगत?" मास्तरांनी चष्मासुद्धा न हलवता सांगितलं, "तो बघायला आहे. सांगायचं काम तुझ्या अभ्यासाचं." मास्तरांचं अक्षर असं की सात संस्कारांची नावं लिहिली तर पुसायला कुणाचा हात धजायचा नाही. एकदा महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, वर्ग पाहायला आले, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा फळा आहे की छापखाना?" त्या दिवशी माझी छाती फुगली होती. लाकडाला छाती नसते हे मला माहीत आहे, पण फुगली होती.

मास्तर थकले आणि त्यांच्या जागी बाई आल्या. बाई आठवडाभर दवाखान्यात परिचारिकेचं काम करायच्या आणि रविवारी आम्हाला शिकवायच्या. त्यांचं अक्षर मास्तरांसारखं नव्हतं. सारखं औषधांची नावं लिहून ते किरटं झालं होतं. पण वर्ग कसा रंगायचा म्हणून सांगू. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला परक्याने उचललं, ती येशूने सांगितलेली गोष्ट शिकवताना बाईंनी पिशवीतून पट्ट्यांची गुंडाळी काढली. अर्ध्या मुलांना जखमी केलं, अर्ध्यांना पट्ट्या बांधायला लावल्या. तासाच्या शेवटी कुणाचं डोकं, कुणाचा गुडघा, एकाचं तर चक्क नाक बांधलेलं होतं. मग बाईंनी विचारलं, "बांधताना त्रास कशाचा झाला?" मुलं म्हणाली, "वाकून वाकून पाठ दुखली." बाई म्हणाल्या, "तेवढं लक्षात ठेवा. मदत करायची म्हणजे आधी वाकावं लागतं."

बाईंचे यजमान बेकरीवाले होते. उंच, गडगडाटी हसणारे. वर्ग सुटायच्या वेळी ते खिडकीबाहेर येऊन उभे राहायचे आणि त्यांच्याबरोबर गरम पावाचा वास आत यायचा. तो वास आला की मुलांचं लक्ष उडालंच म्हणून समजा. मग बाई खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता माझं कोण ऐकतंय."

एके दिवशी पहाटे बेकरीच्या दारात मैद्याची पोती उतरत होती. बेकरीवाले पोत्यांमागे उभे होते. गाडीच्या चालकाने मागे न बघता गाडी मागे घेतली. बेकरीवाल्यांचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला आणि डॉक्टरांना तो कापावा लागला.

हे मला मुलांच्या कुजबुजण्यातून कळलं. चालकाला शिक्षा झाली, त्याचा परवाना गेला, आणि तो भाजीच्या गोदामात खोकी उचलायला लागला. पण तो एकदाही बेकरीवाल्यांना भेटायला आला नाही. चूक झाली, एवढेसुद्धा दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

काही रविवार वर्ग दुसऱ्या कुणी घेतला. मग बाई परत आल्या. मित्रांनो, माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचं मन तुम्ही ओळखता, मी हातावरून ओळखतो. बाईंचा हात जड झाला होता. खडू टेकला की मोडायचा. शिकवायच्या तेच, हसायच्याही, पण अक्षरं माझ्यात रुतून बसायची आणि पुसली तरी त्यांच्या खुणा राहायच्या.

बेकरीवाले काही महिन्यांनी कुबड्या घेऊन पुन्हा खिडकीशी यायला लागले. भट्टीसमोर उभं राहणं संपलं होतं. आता ते स्टुलावर बसून पाव बांधून द्यायचे. पण हसणं तसंच गडगडाटी होतं.

पुढच्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. सहावीतली, दोन वेण्या घातलेली, सारखी नखं कुरतडणारी. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं. पण नोहाने महापुराच्या वेळी मासे का नाही घेतले नावेत? पण मासे तर पोहत असतील ना? पण मग त्यांना शिक्षाच नाही झाली? मुलांनी पहिल्याच महिन्यात तिचं नाव 'पण' ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं असावं, कारण कुणी "ए पण" म्हटलं की ती लगेच मान वळवायची.

पणला तिचे वडील सोडायला यायचे. ते फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. मुलगी आत गेली की ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि वर्ग सुटेपर्यंत तिथेच थांबायचे. माझ्या समोरच खिडकी आहे, त्यामुळे ते मला दिसायचे. एका रविवारी ते बाईंनाही दिसले. बाईंच्या हातातला खडू तिथल्या तिथे थांबला. कोर्टात ज्याला पाहिलं होतं, तोच हा माणूस. 'पण' ही त्याचीच मुलगी होती.

मुलीला सगळं माहीत नव्हतं. बाबांच्या हातून अपघात झाला एवढं तिला ठाऊक होतं. कुणाचा पाय गेला ते तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत बाई मुलांकडून एक काम करून घेत होत्या. येशूने आपल्याला शिकवलेली प्रार्थना मुलांनी रोजच्या बोलीत, आपल्या शब्दांत लिहायची. दर रविवारी एक ओळ. मुलं सुचवायची, बाई लिहायच्या. पुढे मुलांच्या मिस्सेला मला चर्चमध्ये वेदीजवळ ठेवायचं आणि सगळ्यांनी ती वाचायची, असं ठरलं होतं. रोजची भाकरी मागायची ओळ झाली, आणि क्षमेची ओळ आली.

बाईंनी लिहिलं, "देवा, आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही". पुढे लिहायला त्यांनी हात उचलला.

"पण बाई," मागून आवाज आला, "ज्याला माफी मागायचीय, पण त्याचं तोंडच उघडत नाही, त्याचं काय करायचं?"

वर्ग हसला. 'पण' हसली नाही. "म्हणजे तो रोज मनात मागतो. रात्री झोपत नाही. पण समोर जायची हिंमत होत नाही. अशा माणसाला क्षमा मिळते का?"

बाईंची पाठ वर्गाकडे होती. त्यांचा चेहरा फक्त मला दिसत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि रागापेक्षाही जास्त थकवा. खडू माझ्यावर टेकलेला होता, पण पुढचं अक्षर उमटेना. त्यांनी खडू खाली ठेवला.

"आज इथेच थांबू," त्या म्हणाल्या. "ही ओळ कुणी पुसू नका. पुरी व्हायची आहे."

मुलं गेल्यावर बेकरीवाले आत आले आणि कुबडी माझ्या पायाशी टेकवून बाकावर बसले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"मी फादरांना सांगणार आहे," बाई म्हणाल्या, "की तिला धाकट्यांच्या वर्गात घाला. मला नाही जमणार."

"पोरीने काय केलंय?"

"काही नाही. म्हणून तर त्रास होतोय. मुलांना क्षमा शिकवायची आणि स्वतः..." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही कसं काय विसरलात हो?"

"विसरलोय कुठे? रोज सकाळी पलंगावरून उतरताना आठवतं. पाय खाली ठेवायला जातो आणि तो नसतोच." बेकरीवाल्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पण त्या माणसाला किती दिवस डोक्यावर घेऊन बसू? आधीच एका पायावर चालतोय. तुझं तुझ्या वेळाने होईल. घाई करून नाटक करू नकोस म्हणजे झालं."

बाई फादरांकडे गेल्याच. हे नवे फादर तरुण होते, सदा पेपरमिंट चघळणारे. त्यांनी मन लावून ऐकलं. याच खोलीत, मेणबत्त्या मोजून ठेवता ठेवता ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर जबरदस्ती नाही. पुढच्या रविवारपासून तिचा वर्ग बदलतो. फक्त तिने कारण विचारलं, तर काय सांगू ते मला सांगा. ती विचारणार. तिचा पहिला शब्दच 'पण' आहे."

बाईंना हसू आलं आणि त्याही मेणबत्त्या मोजू लागल्या. वर्ग काही बदलला नाही.

पण गोष्ट झाकून राहिली नाही. आठवीतल्या एका मुलाने एक दिवस वर्ग सुटताना पणला सांगून टाकलं, "बाईंच्या नवऱ्याचा पाय तुझ्या बाबांनीच घालवला. माहीत नाही का तुला?" त्याला वाईट करायचं नव्हतं, तोंड आवरलं नाही एवढंच. 'पण' जागच्या जागी उभी राहिली. खिडकीबाहेर बेकरीवाले कुबड्यांवर उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं आणि दप्तर तिथेच टाकून पळत सुटली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दप्तर माझ्या खाली पडून होतं. बाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हजेरी घेताना तिच्या नावाशी त्या दर वेळी थांबायच्या आणि दाराकडे बघायच्या. वर्गात कुणी 'पण' म्हणेना. मुलं निमूट ऐकत होती, आणि तेच बाईंना सोसवत नव्हतं.

मुलांच्या मिस्सेचा आदला दिवस उजाडला. दुपारी बाई आणि बेकरीवाले मला चर्चमध्ये न्यायला आले. माझ्यावर सगळी प्रार्थना होती आणि मध्ये ती एक ओळ अर्धीच होती. एवढ्यात दारात सावली पडली. पणचे वडील उभे होते. इतक्या महिन्यांत फाटकाच्या आत ते पहिल्यांदाच आले होते.

"दप्तर न्यायला आलोय," ते खाली बघत म्हणाले. "ती येणार नाही म्हणते. तोंड दाखवायला लाज वाटते म्हणते. लाज खरी माझी आहे. तिने का सोसायची?"



"मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "घंटी नाही वाजवली."

"वाजवली असती तर मी दार उघडलं नसतं," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "खोटं कशाला बोलू? आजही तुम्हाला बघून मला बरं वाटत नाहीये."

चालकाने मान हलवली. तो दप्तर उचलायला वाकला, तेव्हा बेकरीवाले म्हणाले, "अहो, भाजीच्या गोदामात खोकी उचलता ना तुम्ही? मग जरा हात लावा. हा फळा चर्चमध्ये न्यायचाय. आणि मी तर असा एका पायाचा, माझा उपयोग शून्य."

बोलताना ते हसले होते, तरी चालकाचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडे आला आणि त्याने माझी एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला बाईंशिवाय कुणीच नव्हतं. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या वाकल्या.

मित्रांनो, मी अनेक हातांनी उचलला गेलो आहे, पण असं उचलणं पुन्हा अनुभवलं नाही. एका टोकाला त्याचे खरखरीत हात होते, दुसऱ्या टोकाला बाईंचे ताठ हात होते. एकाने घाई केली असती तर मी दुसऱ्याच्या पायावर पडलो असतो. त्यामुळे दोघांना एकमेकांच्या पावलाकडे बघत चालावं लागलं.

"उंबरा आहे," बाई म्हणाल्या.

"बघतोय."

"जरा थांबा. माझा हात सुटतोय."

तो थांबला. बाईंनी पकड नीट केली आणि आम्ही पुन्हा निघालो. मागून कुबड्यांचा टक टक आवाज येत होता. चर्चच्या दाराशी चालकाने एकदा वर क्रूसाकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आत पाऊल टाकलं. त्यांनी मला वेदीच्या बाजूला टेकवून ठेवलं. दोघंही घामाघूम झाली होती.

पदराने कपाळ पुसत बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर न देता तिला घरी पाठवलं. उद्या देईन. तिला घेऊन या."

रविवारी मिस्सेआधी मुलं माझ्याभोवती जमली. 'पण' शेवटच्या बाकावर बाबांना चिकटून बसली होती. बाईंनी तिला हाक मारली नाही. त्या जाऊन तिच्या शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "सरक जरा," आणि तिथे बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने 'पण' उठून त्यांच्याबरोबर पुढे आली, नखं कुरतडत.

बाईंनी खडू घेतला आणि मुलांना म्हणाल्या, "ही ओळ मी अर्धी सोडली होती, कारण मला ती खरी वाटत नव्हती. एका माणसावर माझा राग आहे. अजून आहे. मग ही ओळ मी लिहू का?"

 एक मुलगा म्हणाला, "नका लिहू बाई. खोटं होईल."

"मलाही तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "पण ही प्रार्थना आहे. आपल्याकडे असतं ते आपण मागत नाही. नसतं म्हणून मागतो. मला जमलंय म्हणून मी ही ओळ लिहीत नाही. जमावं म्हणून लिहितेय. आणि ज्याचं तोंड उघडत नाही, त्यानेही तसंच मागावं. देव कुणाला दारातून परत पाठवत नाही. माणसांना दार उघडायला वेळ लागतो, एवढं मात्र खरं."

आणि त्यांनी लिहिलं, "दुसऱ्यांना करतो." हात अजून जडच होता, पण खडू मोडला नाही.

"पण बाई," 'पण' हळूच म्हणाली, "नाहीच जमलं तर?"

"तर उद्या परत म्हणायची. म्हणून तर ही एकदाच म्हणून सोडून देत नाहीत, रोज म्हणतात."

मिस्सा संपल्यावर दारं उघडी होती, म्हणून पायऱ्या मला दिसत होत्या. चालक बेकरीवाल्यांसमोर उभा होता आणि काहीतरी बोलत होता. फार वेळ बोलत होता. बेकरीवाल्यांनी मध्येच त्याच्या दंडाला धरलं आणि त्याच्या आधाराने पायऱ्या उतरायला लागले. बाई लांब उभ्या होत्या. त्या पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांनी तोंडही फिरवलं नाही. पुढे कितीतरी महिने लागले, पण एका सकाळी चालक मुलीला सोडायला आला तेव्हा बाईंनी खिडकीतून त्याला विचारलेलं मी ऐकलं, "बाहेर उन्हात का उभे राहता? आत बाक आहे." त्या दिवसापासून अक्षरं माझ्यात रुतायची थांबली.

नंतर काळ बदलला. वर्गात पांढरा, चकचकीत फळा आला, मग भिंतीवर चित्रं दाखवणारं यंत्र आलं. मला कपाटाशेजारी सरकवलं. माझ्यावर ओल्या छत्र्या टेकल्या, कुणी खिळा ठोकून पिशवी अडकवली. टवका उडाला तो तेव्हाच. वाईट वाटलं, पण तक्रार नाही. चित्रं बघताना मुलांचे डोळे चमकतात, तेव्हा मलाही कोपऱ्यातून गंमत वाटते. एवढंच मागेन, की माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा आणि खिळे जरा दुसरीकडे ठोका.

आणि मित्रांनो, मला सांगायचं आहे ते दुसरंच. तुम्हाला प्रेम, क्षमा, विश्वास शिकवणारी माणसं ते सगळं जमल्यानंतर तुमच्यासमोर उभी राहतात असं समजू नका. तीही शिकत असतात, पुष्कळदा तुमच्याच प्रश्नांतून. आठवडाभर कामाचं ओझं वाहून, घरातली दुखणी बाजूला ठेवून ती रविवारी तुमच्यासाठी येतात. वर्ग सुटला की तुम्ही वादळासारखे बाहेर पळता. पळा, जरूर पळा. पण एखाद्या रविवारी दाराशी क्षणभर थांबा आणि मागे वळून विचारा, "बाई, तुम्ही कशा आहात?" आणि उत्तर ऐकायला थांबा. या खोलीत मी हजारो प्रश्न ऐकले आहेत. हा फार थोड्या वेळा ऐकला.